ऊन न लागलेली जागा

१

जुन्या वस्तूची किंमत विचारायला येणारी माणसं दोन जातींची. एकांना ऐकायचं असतं की वस्तू अनमोल आहे. दुसऱ्यांना ऐकायचं असतं की तिला दमडीचीही किंमत नाही, म्हणजे ती टाकून द्यायला मन मोकळं. खरी किंमत विचारायला माझ्याकडे आजवर कोणी आलेलं नाही. आलं तर मी त्याला खुर्ची देईन, चहा देईन आणि हळूच विचारीन, घरी सगळं ठीक आहे ना?

माझा धंदा चौकटींचा. चित्रं त्यांच्यासोबत येतात, सुनेबरोबर तिचे नातेवाईक येतात तशी. शाळेत मी फार रमलो नाही. जे शिकलो ते दुकानात, लोकांच्या भिंतींवर आणि थोडंफार फसून. गळ्यात भिंगाची दोरी असते म्हणून लोक मला भिंगवाले म्हणतात. घरची म्हणते, झोपताना तरी काढून ठेवा, नाहीतर स्वप्नातसुद्धा ठिपके मोजाल.

ठिपके म्हणजे छपाईचे. हाताने रंगवलेल्या चित्रावर भिंग धरलं की कुंचल्याचे फराटे दिसतात. छापील चित्रावर ठिपके दिसतात, मुंगीच्या डोळ्याएवढे, रांगेत बसलेले. माझी निम्मी विद्या एवढीच. बाकीची निम्मी म्हणजे ही बातमी समोरच्याला कशी सांगायची ते.

ज्या चित्राची ही गोष्ट आहे ते तुम्हीही पाहिलेलं आहे. निळ्या वस्त्रातली आई, मांडीवर उघडं गुटगुटीत बाळ, दोघांच्या डोक्यामागे सोनेरी वलय. मूळ चित्र कुठल्याशा मोठ्या संग्रहालयात जाड काचेमागे आहे, आणि त्याच्या छापील प्रती दवाखान्यात, न्हाव्याकडे, शिंप्याकडे, कुणाच्या देवघरात, कुणाच्या जिन्याखाली. एकदा एक निवृत्त गृहस्थ ही प्रत तीन चादरींत गुंडाळून घेऊन आले होते. बरोबर दोन मुलगे, त्यातल्या एकाच्या हातात काठी, राखणीला. मी त्यांना भिंगातून ठिपके दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे त्या महान चित्रकाराने एवढे सगळे ठिपके हाताने काढले?" मी म्हटलं, हो, फार कष्टाळू माणूस. काय करणार? मुलाच्या हातात काठी होती.

तर सांगायचा मुद्दा, हे चित्र मला पाठ आहे. बाळाच्या डाव्या पायाचा अंगठा कुठे वळतो, आईच्या पापणीखाली छपाईचा रंग कुठे सांडतो, सगळं. त्यामुळे फोनवर त्या बाई म्हणाल्या, "आई आणि बाळाचं चित्र आहे, किंमत करायची आहे," तेव्हा मी भिंग न्यायचीसुद्धा तसदी घेणार नव्हतो. गळ्यातच होतं म्हणून गेलं.

२

इमारत जुनी, तीन मजल्यांची, पाडायला काढलेली. बाकीचे बिऱ्हाडकरू निघून गेले होते. उघड्या दारांतून रिकाम्या खोल्या दिसत होत्या, आणि रिकाम्या घरात आपल्याच चपलांचा आवाज जरा उद्धट वाटतो, तसा वाटत होता. वरच्या मजल्यावर फक्त एका दाराशी खोकी रचलेली होती.

दार उघडलं ते फोन करणाऱ्या मुलीने. मुलगी म्हणजे आपल्या हिशोबाने. चाळिशीच्या आसपासची, केसांत खोक्यांची धूळ, मनगटात चिकटपट्टीचं कडं घातलेलं.

"या काका. बसायला काही उरलं नाहीये. खोक्यावर बसा, पण त्या नको, त्यात कपबश्या आहेत."

"उभाच बरा. चित्र कुठे आहे?"

तिने आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "आधी ऐकून घ्या. संध्याकाळी किल्ली द्यायची आहे. उद्या सकाळी वीज, पाणी सगळं तोडणार. आणि आई उठत नाहीये. महिनाभर समजावतेय. माझ्याकडे तिची खोली तयार आहे, खिडकीखाली पलंग ठेवलाय, मुलं रोज विचारतात आजी कधी येणार. आधी म्हणाली भांडी घे. घेतली. मग म्हणाली कपाट घे. घेतलं. आता फक्त ते चित्र राहिलंय. म्हणते, ते हलवायचं नाही."

"मग बरोबर घेऊन जा की."

"तेच म्हटलं मी. तर म्हणते, न्यायचंही नाही. काढायचंच नाही भिंतीवरून. आणि ते भिंतीवर आहे तोवर मी खुर्चीतून उठणार नाही." ती हसली, पण ते हसू रडण्याच्या शेजारचं होतं. "काका, मला वाटतं तिची समजूत आहे की ते फार मौल्यवान आहे. कोणीतरी पळवेल. तुम्ही जाणकार आहात. तिला सांगा ना, अशी हवी तेवढी मिळतात. मी नवीन कोरं आणून देईन."

म्हणजे ही दुसऱ्या जातीची. मला हायसं वाटलं. छापील चित्राला किंमत नाही हे सांगायला मला खोटं बोलावं लागणार नव्हतं.

"सांगतो," मी म्हटलं. "त्यात माझा हातखंडा आहे."

३

आतली खोली लांबट होती. एका टोकाला मोठी खिडकी, पडदे काढून नेलेले. त्या खिडकीला पाठ करून वेताच्या खुर्चीत मावशी बसल्या होत्या. मावशी हे मी म्हणतो. वयाने माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठ्या असतील. बारीक अंगाच्या, हात मांडीवर एकावर एक ठेवलेले. आगगाडीची वाट बघणारी माणसं बसतात तशा बसल्या होत्या. समोरच्या भिंतीवर, बरोबर त्यांच्या नजरेत, ते चित्र.

"किंमत करायला आलात," त्या म्हणाल्या. "मुलीने पढवलं असेलच."

"थोडंसं," मी म्हटलं. त्या हसल्या. आमचं जमलं.

चित्र भिंतीवर फार खाली होतं. एवढं मोठं चित्र लोक डोळ्यांच्या उंचीला लावतात. हे माझ्या कमरेच्याही खालून सुरू होत होतं.

"एवढं खाली कुणी लावलं मावशी?"

"मीच. मुलांना दिसावं म्हणून."

मग मी नीट बघितलं.

आता थोडी धंद्यातली गोष्ट सांगतो. छापील चित्राला वर्षानुवर्षं ऊन लागलं की आधी पिवळा उडतो, मग लाल. निळा सगळ्यांत चिवट. म्हणून न्हाव्याच्या दुकानातली जुनी चित्रं पाण्यात बुडाल्यासारखी दिसतात. इथे खिडकी समोर, ऊन थेट. आई पार निळी झाली होती. चेहरा निळा, हात निळे, वलय तर राखेच्या रंगाचं. बरोबर. असंच व्हायला हवं.

बाळ मात्र गुलाबी होतं.

काल छापल्यासारखं. गालांवर लाली, पोटावर पिवळसर उजेड, टाचा लालसर. त्या निळ्या, गेलेल्या बाईच्या मांडीवर ते ताजं मूल बघून मला आधी काही कळलं नाही. फक्त भिंग हातात घेतलेलं लक्षात आलं.

४

पहिला विचार, कुणीतरी वरून रंगवलंय. हौशी माणसं करतात असं. एकाने आपल्या चित्रातल्या बाळाला मिशा काढल्या होत्या, त्याच्या मते ती त्याच्या मुलाची आठवण होती. मी खाली वाकलो, भिंग काचेला लावलं. ठिपके. रांगेत बसलेले, लाल, पिवळे, सगळे जागच्या जागी. कुंचला कुठेच फिरलेला नव्हता.

दुसरा विचार, समोर काहीतरी ठेवलेलं असणार. फुलदाणी, दिवा, खुर्चीची पाठ. त्याच्या आडोशाने तेवढी जागा उन्हापासून वाचली. हा विचार मला आवडला. मी खूश होऊन त्या ताज्या भागाची कड शोधायला लागलो.

कड बाळाच्या अंगावरून जात नव्हती. बाळ नुसतं त्या भागात सापडलं होतं. ताजा रंग बाळाच्या बाहेर पसरला होता, आईच्या निळ्या वस्त्रावर, चित्रातल्या खुर्चीच्या हातावर. मी बोटाने हवेत ती कड गिरवली. वर गोल. दोन्ही बाजूंना जरा फुगीर, लहानसा बाक, आणि पुन्हा आत. मग बारीक मान. मग खांदे, चौकटीच्या खालच्या पट्टीपर्यंत.

मी पुन्हा गिरवली. दुसऱ्यांदा गिरवल्याने फुलदाणी होईल असं वाटलं असावं. ते दोन्ही बाजूंचे बाक कानांचे होते.

काचेवर एका जागी, त्या गोलाच्या मध्याच्या जरा खाली, वाटीच्या तळाएवढा धूसर डाग होता. मी बाहीने पुसला. गेला. मी भिंग लावेपर्यंत पुन्हा आला. माझाच श्वास, मी मनाशी म्हटलं, आणि श्वास रोखून पुन्हा पुसला. मग छातीत कळ येईपर्यंत रोखून धरला. काच कोरडी होती. हळूहळू, कडेकडून आत, ती धुरकटली.

तिसरा विचार मला आला नाही. मी उठून उभा राहिलो आणि भिंत बघायला लागलो, कारण चित्राकडे बघायचं नव्हतं. भिंतीला कधीकाळी हिरवा रंग असावा, आता तो पिठासारखा पांढुरका झालेला. चित्राखाली मात्र एक हिरवा पट्टा जमिनीपर्यंत उतरत होता. आत येताना तो मला ओलीचा डाग वाटला होता. हात लावला. ठणठणीत कोरडा. खाली तो दोन भागांत फुटला होता आणि फरशीपाशी संपत होता.

माझी आजवरची सवय अशी की चित्र भिंतीवर असताना किंमत करायची नाही. खाली काढायचं, चौकट उघडायची, पाठ बघायची. त्या दिवशी ते काढा असं म्हणायची मला हिंमत झाली नाही.

५

"काय दिसलं?" मावशींनी विचारलं.

"छापील आहे."

"ते मला माहीत आहे. आठवड्याच्या बाजारात घेतलं होतं, चाळणीबरोबर."

"मावशी, इथे पूर्वी काही ठेवलेलं असायचं का? टेबल वगैरे? किंवा एखादी मूर्ती?"

"काही नाही. ती जागा मी मोकळी ठेवते." मग म्हणाल्या, "मला काही दिसत नाही हो. डोळे माझे आधीच अधू. पण झाडताना मी त्या जागेला वळसा घालते. ठरवून नाही. पायांनाच कळतं. तुम्हाला काय दिसलं ते सांगा. मुलीने सांगायला सांगितलंय ते नको."

मी धंद्यात गोड बोलून पोट भरलेला माणूस. विधवेला तिच्या नवऱ्याचा संग्रह भिकार होता हे मी अशा शब्दांत सांगितलं आहे की ती मला दारापर्यंत सोडायला आली. पण मावशींसमोर एकही गोड वाक्य सापडेना.

"एक मूल," मी म्हटलं. "पाच-सहा वर्षांचं. काचेला अगदी चिकटून उभं असावं, नाहीतर कड इतकी स्वच्छ राहत नाही."

त्यांनी मान हलवली. जसं काही मी चित्राचं माप सांगत होतो.

"मोठा झालाय का तो?"

प्रश्न मला आधी समजला नाही. मग समजला, आणि उत्तर मला माहीत होतं, हेच वाईट. मूल वाढतं. महिन्याला नाही तरी वर्षाला बोटभर. इतकी वर्षं कुणी रोज तिथे उभं राहिलं असतं तर ती कड वर वर सरकत गेली असती, दारावर मुलांच्या उंचीच्या खुणा करतात तशी. ही कड एकच होती. कातरीने कापल्यासारखी.

"नाही," मी म्हटलं. "वाढला नाही. आणि हललाही नाही."

मावशींनी मांडीवरचा वरचा हात खाली घेतला आणि खालचा वर ठेवला.

"मीच उभं केलं होतं त्याला," त्या म्हणाल्या. "मारायची नाही मी. शेजारणी मारायच्या. मला वाटायचं मी त्यांच्याहून शहाणी. खोडी केली की इथे उभं करायची, चित्राला नाक लावून. म्हणायची, या आईकडे बघ, तिचं बाळ कसं शांत बसलंय बघ, आणि मी 'ये आता' म्हणेपर्यंत हलायचं नाही. हलायचा नाही बिचारा. शब्दाचा पक्का."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी काय केलं होतं त्याने तेही आठवत नाही. दूध सांडलं असेल. दारावर कोणीतरी आलं, मी बोलत उभी राहिले. गप्पा काय, भाजीच्या, नळाच्या. परत आले तर तो इथे खाली पडलेला. अंग चुलीसारखं. किती वेळ ताप होता, बोलला नाही. हलायचं नाही म्हटलं होतं ना. उचलला आणि धावले. दवाखान्यातून तो परत आला नाही."

बाहेरच्या खोलीत चिकटपट्टी ओढल्याचा लांब आवाज झाला.

"उचललं मी त्याला," मावशी म्हणाल्या. "पण 'ये आता' म्हणाले नाही. उचलणं वेगळं आणि बोलावणं वेगळं. हिला माहीत आहे की आपल्याला भाऊ होता. ती नंतरची. बाकी मी काही सांगितलेलं नाही. आता तुम्हीच सांगा, मी कशी उठू? उद्या ही भिंत पाडतील."

६

मी म्हणालो, "मग आता बोलवा."

म्हणून गेलो. नंतर मनात आलं, हे मी कोण सांगणार? पण मावशी माझ्याकडे अशा बघत होत्या की आपण इतकी वर्षं हे का केलं नाही, याचं त्यांनाच नवल वाटत होतं. की केलं होतं, एकटीने, आणि सांगत नव्हत्या, कुणास ठाऊक.

तेव्हाच ऊन खोलीत आलं. समोरची इमारत ओलांडून सूर्य खिडकीत उतरला आणि फरशीवरून सरकत भिंतीवर चढला. पडदे नव्हते, त्यामुळे ते सगळं ऊन एकदम आत आलं. भिंत उजळली. चौकट उजळली. निळी आई उजळली. आणि मधे, त्या हिरव्या पट्ट्यावर आणि बाळाच्या अंगावर, ते पडलं नाही.

मी खिडकीकडे बघितलं. काच स्वच्छ. मावशींची सावली खुर्चीपाशी फरशीवरच संपत होती, भिंतीपर्यंत पोचत नव्हती. मी हात पुढे केला. हातावर ऊन होतं, मनगटावरचे पांढरे केस चमकत होते. हात तसाच चित्राकडे नेला. बोटांची टोकं काळवंडली. मग बोटं. माझा हात आणि खिडकी यांच्या मधे काही नव्हतं, तरी हात सावलीत गेला होता, आणि तिथली हवा बंद विहिरीतल्यासारखी गार होती. मी हात मागे घेतला आणि का कोण जाणे, खिशात घातला.

"बाळा," मावशी म्हणाल्या. "ये आता."

आवाज चिरका, वाऱ्याने हलणाऱ्या दारासारखा. काही झालं नाही.

"ये आता, राजा. झालं. मी रागावले नाहीये."

काचेवरचा धूसर डाग लहान झाला, मोठा झाला. बस. शाळेत बाकावर उभं केलेलं पोर वर्गाबाहेरून दुसऱ्याच कुणाची हाक ऐकतं आणि मान वळवत नाही, तसं मला वाटलं. वाटलं म्हणतो. पाहिलं काहीच नाही.

मग मावशी म्हणाल्या, "या आवाजाला तो ओळखत नाही. कुणी म्हातारी बोलावतेय. परक्या माणसाकडे जायचं नाही, हेही मीच शिकवलेलं."

मी खिशातला हात काढला आणि उगाच भिंग पुसायला लागलो.

तेवढ्यात मुलगी दारात आली. हातात शेवटची दोरी, कपाळावर घाम. "झालं का काका? आई, ऐकलंस ना काकांचं?"

मावशींनी तिच्याकडे बघितलं. आई मुलीकडे बघते तसं नाही. माझ्याकडे लोक आणतात त्या वस्तूंकडे मी बघतो तसं. ही कुणाची, कुठून आली, कुणासारखी आहे. मग त्या डोळे मिटून म्हणाल्या, "जरा पुन्हा बोल."

"काय बोलू?"

"काहीही."

"आई, गाडी खाली उभी आहे, ड्रायव्हर दोनदा वर येऊन गेला, माझी कंबर मोडलीये आणि तू म्हणतेस काहीही बोल. काय बोलू मी?"

"माझा आवाज असाच होता," मावशी मला म्हणाल्या. अगदी हळू. मग तिला म्हणाल्या, "इकडे ये. इथे उभी राहा. त्या चित्राकडे तोंड करून म्हण, ये आता."

"आई."

"एवढं म्हण. मग उठते. शप्पथ."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी काय चेहरा केला होता माहीत नाही, पण ती काही न विचारता वळली.

"कसं म्हणू?"

"पोरं खेळून दमली, जेवायला येत नाहीत, तेव्हा तू जिन्यातून हाक मारतेस ना, तसं. थोडं रागावून."

मुलीने सुस्कारा सोडला. चिकटपट्टीच्या कड्याचा हात कमरेवर ठेवला आणि भिंतीकडे बघून, दमलेल्या, चिडक्या, मायेच्या आवाजात म्हणाली, "ये आता."

भिंत उजळली. एवढंच मी सांगू शकतो. हिरवा पट्टा उन्हात हिरवा दिसायला लागला, बाळाच्या गुलाबी गालांवर ऊन पडलं, काच कोरडी झाली. आवाज कसलाच झाला नाही. फक्त माझ्या पायांजवळून काहीतरी गेलं आणि मी नकळत बाजूला सरकून वाट दिली.

ते मावशींच्या खुर्चीजवळून पुढे गेलं. थांबलं नाही.

"हे काय, इथे वारा कुठून येतोय?" मुलगी म्हणाली. तिने कमरेवरचा हात खाली सोडला, बोटं चोळली. "हात बघा कसा गार पडला."

मावशी तिच्या हाताकडे बघत होत्या. हाताच्या जरा खाली. मग दोन्ही मुठी खुर्चीच्या हातांवर टेकून त्या उठल्या, एकट्या, कुणाचा आधार न घेता.

"चला," त्या म्हणाल्या.

७

चित्र त्यांनी मला दिलं. किंमत कुणी विचारली नाही आणि मी सांगितली नाही. भिंतीवरून काढताना ते नुसतं छापील चित्र होतं, हलकं, मागचा पुठ्ठा ओलसर वास मारणारा. दुकानात कुणाला दाखवलं असतं तर म्हटलं असतं, काही नाही, ऊन लागलंय.

जिन्यात मुलगी पुढे होती, मावशी तिच्या मागे, चार पायऱ्यांचं अंतर ठेवून, आणि मी शेवटी, चित्र काखेत. मुलगी फार हळू उतरत होती. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवायची, मग पुढची. सकाळपासून धावपळ करणारी बाई, ही काय चाल? तिचं तिलाच कळत नव्हतं बहुधा. डावा हात अंगापासून जरा दूर, खाली लोंबता, बोटं अर्धी मिटलेली.

"कठडा धर," मावशी मागून म्हणाल्या. "पायऱ्या उंच आहेत. हळू उतर."

"आई, मी काय आता लहान आहे का?"

पुढे सरकून मावशी मुलीच्या बरोबरीने उतरल्या नाहीत. जिना दोघींना पुरेल एवढा रुंद होता.

खाली गाडीत सामान कोंबलेलं होतं. मुलीने मागचं दार उघडलं. "आई, तू मागे बस, पाय मोकळे राहतील. मी पुढे बसते."

"नको. मागे तू बस," मावशी म्हणाल्या. "मी पुढे बसते."

"पुढे तुला गरगरतं."

"आज नाही गरगरणार."

मुलीने मला हात जोडले. तो डावा हात उजव्याला भेटायला जरा उशिरा आला. मग ती मागे बसली, खिडकीकडे अगदी सरकून, शेजारी खोकं नव्हतं तरी. ऊन रस्त्यावर पसरलेलं होतं, आणि सावल्या कुठे कशा पडतात हे बघण्यात आयुष्य घालवलेला मी, त्या दोघी रस्त्यावर होत्या तोवर त्यांच्या पायांकडे न बघता मधूनमधून वर दुकानांच्या पाट्या वाचत होतो. सगळ्या वाचल्या. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला तेव्हाच खाली रस्त्याकडे बघितलं.

गाडी निघाली. मावशींनी मागे वळून बघितलं नाही माझ्याकडे. त्या वळल्या होत्या, पण मागच्या सीटकडे. काचेतून त्यांचा चेहरा दिसला. प्रवासात समोर परकं मूल बसलेलं असतं, आईला चिकटून, आपल्याकडे टक लावून बघत, भीत. त्याच्याशी ओळख काढायला म्हातारी माणसं हसतात ना, मान तिरकी करून, जपून, फार दात न दाखवता. मावशी तशा हसत होत्या.